चिनी रेशमाची होळी

बंगळूरला समुद्र नाही. जवळचा समुद्र गाठायचा तर बसमध्ये अख्खी रात्र काढावी लागते आणि घाटात उलटी करावी लागते. तरीही देशाच्या समुद्राची काळजी करणारी माणसं जितकी बंगळूरला राहतात तितकी ती कुठल्या बंदरातही राहत नसावीत. आमचे बाबा त्यांतले एक. जयनगरमधल्या भाड्याच्या घरातून ते रोज सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसने जायचे, शत्रूच्या पाणबुड्या ऐकणारं यंत्र बनवायचे आणि संध्याकाळी परत यायचे. येताना कोथिंबीर आणायचे.

अर्थात, ते काय बनवतात हे आम्हांला माहीत नव्हतं. म्हणजे माहीत होतं, पण ते माहीत नसल्यासारखं वागायचं असतं हेही माहीत होतं. नोकरीला लागताना बाबांनी गुप्ततेच्या कसल्याशा कागदावर सही केली होती. त्या एका सहीमुळे आमच्या घरातून एक संपूर्ण विषय नाहीसा झाला होता. शेजारणी आईला विचारायच्या, "तुमचे मिस्टर नक्की काय करतात हो?" आई म्हणायची, "भांडं बनवतात." "कसलं भांडं?" "मोठं आहे." पुढे कोणी विचारत नसे. वर्षातून एकदा बाबा टूरवर जायचे आणि नाक भाजून, सोलवटून परत यायचे. बंगळूरच्या उन्हात कोणाचं नाक भाजत नाही. तेवढ्यावरून सगळ्या गल्लीला कळायचं की यंदाही भांडं पाण्यात घालून आले.

मोठ्या सत्तांचं म्हणाल तर त्या सगळ्या आमच्या घरात नांदत होत्या. तरुणपणी बाबांना प्रशिक्षणासाठी रशियाला पाठवलं होतं, तिथून त्यांनी एक जाडजूड शब्दकोश आणि चहाचं एक गळकं पितळी भांडं आणलं होतं. पुढे तो देशच मोडला, आणि आम्ही सुटे भाग मागितले की ते डॉलर मागू लागले. मैत्रीच्या घोषणांमध्ये डॉलरचा उल्लेख नव्हता, पण घोषणा बारकाईने वाचायची पद्धत आपल्याकडे नाही. अमेरिका बाबांच्या टेबलावर होती, गुळगुळीत कागदांच्या कॅटलॉगांच्या रूपाने. अमेरिकेचं आणि आपलं आरमार मिळून समुद्रात कवायत करतं, त्याचे फोटो पेपरात यायचे आणि बाबा ते भिंगाखाली बघायचे. आणि चीन आईच्या कपाटात होता.

आईचं माहेर चिकपेटचं, बंगळूरच्या जुन्या कापडबाजारातलं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तिचे पूर्वज इकडे आले. फौज परत गेली, हे राहिले. घोडे विकून कापड घेतलं, एवढाच काय तो फरक. माझा मामा तिथे रेशमाच्या सुताचा व्यापारी. आईपेक्षा धाकटा, पण सगळी पेठ त्याला अण्णा म्हणायची म्हणून बाबाही अण्णाच म्हणायचे. त्याच्या मराठीत इतकं कन्नड मिसळलेलं होतं की पुण्याहून आलेले बाबा सुरुवातीला दोन्ही भाषांत गप्प बसत. साड्या विणणाऱ्यांना मामा सूत पुरवायचा, आणि उत्तम सूत चीनहून मद्रासच्या बंदरात उतरायचं. आईच्या लग्नातल्या शालूपासून माझ्या परकरापर्यंत सगळ्यांचा ताणा, म्हणजे उभा धागा, चिनी होता. हे कोणी लपवत नसे. विचारतही नसे.

राहिले मी. पुण्यातले थोरले काका दर दोन-चार महिन्यांनी पार्सल पाठवायचे. त्यात भाकरवडी असायची आणि भाकरवडीला गुंडाळून पत्रकं. संपाची, निषेधाची, धरणाची, भाववाढीची. भाकरवडी बाबा खायचे, पत्रकं मला मिळायची. बाराखडी संपवून मी थेट जाहीर निषेधच वाचायला लागले. कॉलेजात गेले तोवर मला उद्गारचिन्हाशिवाय वाक्य संपवता येत नव्हतं, आणि आजही ते जड जातं.

ज्या वर्षी वाळवंटात अणुचाचण्या झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट.

चाचण्यांच्या सुमाराला दिल्लीने जाहीर केलं की आपला खरा शत्रू चीन. पेढे वाटले गेले. मग अमेरिका रागावली आणि तिने निर्बंध घातले. रशिया रागावला नाही, त्याला विकायचं होतं. पेपराच्या पहिल्या पानावर चीन शत्रू होता, आतल्या पानावर त्याच्याशी व्यापार कसा वाढेल याची चर्चा होती. हा पेपर एकच माणूस पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत असेल असं कोणाच्या डोक्यात आलेलं दिसत नव्हतं.

अमेरिकेने आमच्यावर क्षेपणास्त्रं रोखली नाहीत. तिने दोऱ्याचं रीळ रोखलं.

पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि बरंचसं मामाकडून, कारण मामाने कुठल्या कागदावर सही केलेली नव्हती. भांड्याच्या आत पुष्कळ छोटे कान असतात. ते चौकटीत दोऱ्याने बांधावे लागतात. तो विशिष्ट दोरा अमेरिकेहून यायचा, तो यायचा थांबला. बाबांनी नायलॉन वापरून पाहिलं. ताण आला की पाण्यात ते गुणगुणायचं, आणि शत्रूला ऐकण्याऐवजी भांडं स्वतःचाच दोरा ऐकत बसायचं. सुती दोरा फुगायचा. शेवटी कोणीतरी जुन्या पुस्तकात वाचलं की नायलॉन येण्याआधी अशा कामाला रेशीम वापरत. रेशीम पाण्यात गप्प राहतं.

घाई होती. नौदलाने चाचणीसाठी एक जहाज पावसाळ्यानंतर एकच आठवडा द्यायचं कबूल केलं होतं. तो आठवडा हुकला की भांड्याची फाईल बंद, आणि त्याच्या जागी रशियाकडून तयार भांडं घ्यायचं, हे वर जवळपास ठरलं होतं. रोख डॉलर, सुट्या भागांचं नंतर बघू. बाबांचे केस काळ्याचे पांढरे होईपर्यंतची सगळी वर्षं त्या भांड्यात गेली होती. फाईल बंद होण्याची भीती त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही, पण कोथिंबीर आणायची ते विसरायला लागले तेव्हा आईने ओळखलं.

एका रविवारी मामा जेवायला आला होता. बरोबर चिरोट्यांचा डबा. पानं वाढायच्या आधी बाबांनी खिशातून रुमाल काढला. त्यात तुटलेल्या दोऱ्याचे दोन तुकडे होते.

"हे कुणाच्या लुगड्याचं हो भावजी?" मामाने विचारलं.

"लुगड्याचं नाही."

"मग?"

"सांगता येत नाही."

मामाने दोरा नखांमधून ओढला. मग एक धागा सोडवून टोकाला काडी लावली आणि नाकाशी नेला. चिकपेटमध्ये रेशीम असं ओळखतात. खरं रेशीम जळालं की जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटात चुरते. नकली असलं तर ते वितळून त्याचा काळा मणी होतो आणि प्लास्टिकचा वास सुटतो. पेठेतल्या पोरांना हे अंकलिपीच्या आधी शिकवतात, मला आजोळी शिकवलं होतं.

"रेशीम खरं आहे," मामा म्हणाला. "पण आपल्या इकडचं. मधे मधे जाड-बारीक. हे बाण्याला चालतंय, ताण्याला नाही. ताण्याला ओढ सोसावी लागती, बाणा काय, नुसता आडवा पडून राहतो. तुमचं काम ओढीचं आहे काय?"

या प्रश्नाचं उत्तर दिल्याने देशाची सुरक्षा धोक्यात येईल का, यावर बाबांनी बराच विचार केला.

"ओढीचं," ते शेवटी म्हणाले.

"सरी, बरं. मग चीनचं घ्या."

बाबांचा चेहरा असा झाला की जणू मामाने त्यांना पाणबुडीच विकत घ्यायला सांगितली.

"चीनचं?" मी म्हटलं. "बाबांच्या कामाला? मामा, तुला काही लाज?"

"मला आहे की. ती चीनच्या सुताला नाही. ते बारीक असतंय, एकसारखं असतंय, तुटत नाही."

"पण ते शत्रूचं आहे!"

"मग तुझा परकर शत्रूचा आहे. सोडतेस काय?"

"जेवताना चीन नको," आई म्हणाली आणि दोघांच्याही पानात एकदमच तूप वाढलं. भाऊ आणि नवरा एका पंगतीला असले की ती नेहमी तसंच वाढायची, दोन्ही हातांत दोन पळ्या घेऊन, म्हणजे आधी कोणाला वाढलं हा प्रश्नच उरत नाही. परराष्ट्र खात्यात अशी एक बाई असती तर बरंच काही टळलं असतं.

जेवण झाल्यावर मामाने विचारलं, "किती पाहिजे?"

"सांगता येत नाही."

"अय्यो, भावजी! किती ते न सांगता मी देऊ कसं?"

"प्रमाणावरून यंत्राचा आकार कळू शकतो," बाबा म्हणाले आणि आपण 'यंत्र' म्हणालो हे लक्षात येऊन गप्प झाले.

मामाने खांद्यावरचा टॉवेल काढला, बाबांचा उजवा हात ओढून स्वतःच्या हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकला. जुने दलाल सौदा असाच करतात. टॉवेलखाली एकाने दुसऱ्याची बोटं दाबायची, त्यावरून आकडा कळतो. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही, आणि कोण किती वाकला हेही झाकलेलं राहतं. बाबा ताठ बसले होते, लस टोचून घ्यायला बसल्यासारखे. टॉवेल जरासा हलला.

मामाचे डोळे मोठे झाले. "एवढंच?"

"अण्णा, मोठ्याने नको."

"एवढ्यात एक ब्लाउज होत नाही हो! एवढ्यासाठी एवढं गुप्त?"

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. अशा रीतीने देशाचं एक संरक्षणविषयक गुपित जयनगरमध्ये फुटलं.

"सरी. संध्याकाळी दुकानात या, दोन लडी घेऊन जावा. पैसे नको."

आणि इथे बाबांनी जे केलं ते फक्त बाबाच करू शकत होते. ते म्हणाले, "फुकट चालणार नाही. सरकारी काम आहे. रीतसर खरेदी व्हायला हवी. तीन दुकानांचे भाव मागवावे लागतील, मग मंजुरी, मग ऑर्डर."

"तोपर्यंत माझ्याकडे राहिलं तर ना! मद्रासला माल अडकलाय. नवीन कर लावणार म्हणतात, कोण म्हणतंय बंदीच येणार. चीनचं पांढरं सूत पेठेत कुणाकडे उरलेलं नाही. माझ्याकडे एकच गासडी आहे. आता खिशात घालून न्या हो स्वल्प."

"नियमात बसत नाही."

बाबा शत्रूचं रेशीम घ्यायला तयार झाले होते, पण मेव्हण्याकडून फुकट घ्यायला नव्हते. मला त्या क्षणी त्यांचा अभिमान वाटला. गासडी दुकानात राहिली.

आणि त्या गासडीवर माझा डोळा होता.

कॉलेजात आमचा एक गट होता. आमचा अध्यक्ष कायद्याचा विद्यार्थी, मलनाडमधल्या सुपारीच्या बागायतदाराचा मुलगा, आवाज खणखणीत. तिन्ही सत्तांवर बहिष्कार घालायचा असं आम्ही ठरवलं. रशियाचं काही येतच नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरचा बहिष्कार चर्चेविना यशस्वी झाला. अमेरिकेचं कोला होतं, पण त्यावर गटात एकमत होईना, कारण बैठका कोलाच्या दुकानातच व्हायच्या. राहिलं चिनी रेशीम. त्याची भर पेठेत होळी करायची. कोणाच्या दुकानासमोर, असा प्रश्न आला तेव्हा मीच म्हटलं, "माझ्या मामाच्या. सुरुवात घरापासून!" टाळ्या पडल्या. हे त्या जेवणाच्या आधी ठरलं होतं. पत्रकं छापून झाली होती. कन्नड आणि इंग्रजी पत्रक अध्यक्षाने लिहिलं, मराठी मी, आणि त्यात शनिवार छापलेला होता.

बाबांची ऑर्डर यायला त्या शनिवारनंतर निदान आठवडा लागणार होता.

बाबा मला काही सांगायला माझ्या खोलीत कधी येत नसत. त्या दिवशी आले आणि पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसू की नको अशा बेतात उभे राहिले.

"तुमचा तो कार्यक्रम," ते म्हणाले, "पंधरा दिवस पुढे ढकल."

"का?"

"सांगता येत नाही."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सांगता येत नाही."

ते किंचित हसले. मग बसले, गठ्ठ्यावरच.

"बाबा, चीनची पाणबुडी ऐकायला चीनचंच रेशीम? तुम्हांला हे चालतं?"

"पाणबुडी कोणाची हे मी म्हटलेलं नाही."

"तुम्ही आजवर काहीच म्हटलेलं नाही!"

"दोरा कुठला आहे हे भांड्याला कळत नाही," ते म्हणाले. "तो गप्प राहावा, एवढंच त्याला हवं असतं."

"आणि तत्त्व?"

"तत्त्वाने बांधून पाहिलं होतं," बाबा म्हणाले. "तुटलं."

मी विचारलं, फाईल बंद झाली तर काय होईल. ते म्हणाले, खरेदी विभागात बसवतील, रशियन भांडी मोजून घ्यायला. भाषा येतेच. तिथल्या खुर्च्या चांगल्या आहेत. एवढं बोलून ते उठले, गठ्ठा पुन्हा नीट रचला आणि गेले. पुन्हा विनंती केली नाही. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडणाऱ्या बापाविरुद्ध पत्रक लिहिता येतं.

शनिवार मी पुढे ढकलला नाही. छापलेला शब्द मागे घ्यायचा नसतो, हे काकांच्या पार्सलांनी माझ्या हाडांत मुरवलं होतं. आईने सगळं ऐकलं होतं. तिने फोन उचलला. "अरे, ऐक," ती मामाला म्हणाली, "शनिवारी पोरं येतायत तुझ्याकडे जाळायला. त्यांना जाळू दे. आणि ह्यांचं सूत पण राहू दे. कसं ते तू बघ." फोन ठेवून ती भाजी निवडायला बसली. संतुलित धोरण म्हणजे काय यावर पुढे मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली. आईच्या चार वाक्यांपलीकडे कोणी गेलेलं नाही.

शनिवारी आम्ही घोषणा देत चिकपेटमध्ये शिरलो तर मामा दुकानाच्या पायरीवर हात जोडून उभा. आमच्या अध्यक्षाला उभं राहायला स्टूल त्यानेच आणून ठेवलं होतं. रॉकेलचा डबा त्याचा, काड्यापेटी त्याची. सगळ्या आंदोलकांना कॉफीही त्याचीच. रस्त्याच्या मध्यभागी एक गासडी ठेवली होती. वरच्या तागाच्या गोणपाटावर चिनी अक्षरं होती, काळी आणि निःसंशय.

"देशासाठी," मामा म्हणाला आणि डोळे पुसले.

अध्यक्षाला इतकी देशभक्ती अपेक्षित नव्हती. त्याने भांडण होईल म्हणून भाषण तयार केलं होतं, ते वाया गेलं. त्याने गासडी पेटवली.

गोणपाट भुर्रकन जळालं. मग आतला माल पेटला आणि धूर निघाला, काळा, चिकट. गासडीतून थेंब गळायला लागले. रस्त्यावर पडून त्यांचे चकाकते काळे मणी होऊ लागले. आणि वास सुटला.

तो जळक्या केसांचा वास नव्हता.

दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या पायऱ्यांवर पेठ उभी होती. दुकानदार, दलाल, हमाल, शिवणाऱ्या बायका. मी त्यांची नाकं पाहिली. एका ओळीत सगळी नाकं एकदा वर झाली आणि खाली आली. सुरतेच्या नायलॉनची, न खपलेली, जुनी, शंभर टक्के स्वदेशी गासडी आमच्यासमोर जळत होती, आणि हे त्या रस्त्यावर फक्त आमच्या गटाला कळलं नव्हतं.

समोरच्या ओट्यावरचा एक म्हातारा दलाल खाकरला. "चांगलं जळतंय की हो अण्णा," तो म्हणाला.

"चीनचं आहे," मामा म्हणाला. "जळणारच."

मग टाळ्या सुरू झाल्या. ज्यांच्या घरात आणखी चिनी माल दडवलेला असण्याची शक्यता होती त्यांनी जास्त जोरात वाजवल्या. आमचा अध्यक्ष गहिवरला होता. धुराने खोकत तो स्टुलावरून ओरडला, "बघा! यांचं रेशीमसुद्धा किती विषारी आहे ते बघा!" टाळ्या दुप्पट झाल्या.

मग त्याने मला वर बोलावलं, मराठीत बोलायला.

माझ्या हातात माझंच पत्रक होतं. त्यातली पहिली मागणी होती: सत्य रस्त्यावर येऊन सांगा! खाली मणी टपटपत होते. मी तोंड उघडून एक वाक्य म्हटलं असतं, तर आमची पोरं मामाला ढकलून दुकानात शिरली असती आणि आतली पांढरी गासडी त्यांना सापडली असती. मामा माझ्याकडे बघत नव्हता. तो काड्यापेटी उगाच उघडून मिटत होता. त्याच्यामागे, दुकानाच्या आत, कपाटाचं एक दार नेहमी उघडं असायचं. आज ते बंद होतं.

मी पत्रक वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही उद्गारचिन्ह न गाळता. पेठेतल्या मराठी मंडळींनी माना डोलावल्या. शेवटी मी म्हटलं, "शत्रूचा माल शत्रूला परत!" आणि मामा म्हणाला, "वा!" माझ्या आयुष्यातलं इतकं यशस्वी भाषण पुन्हा झालं नाही. घोषणा सगळ्यांनी दिल्या, आणि माल सगळ्यांचा शाबूत राहिला. नंतर दिल्लीतल्या बड्या लोकांना असाच कार्यक्रम करताना मी पाहिलं, मोठ्या गासड्या घेऊन. वास मला दर वेळी ओळखीचा वाटला.

घरी आले तर बाबा दारातच होते. माझे कपडे धुराने भरले होते. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त जवळ येऊन वास घेतला. सासुरवाडी चिकपेटची असलेल्या माणसाला एवढं कळतं. मग ते बाहेर गेले आणि कोथिंबीर घेऊन आले.

तीन दुकानांचे भाव रीतसर आले. त्यांतली दोन दुकानं मामाच्या चुलतभावांची होती, पण नियमात चुलतभावांबद्दल काही लिहिलेलं नाही. ऑर्डर आली, लडी गेल्या, आणि पाऊस संपल्यावर बाबा टूरवर गेले. ते दिवस आईने देव पाण्यात घातले नाहीत. ती म्हणाली, एक भांडं पाण्यात आहे तेवढं पुरे.

बाबा परत आले तेव्हा नाक इतकं भाजलं होतं की ओठापर्यंत साल निघत होती. मामा आधीच येऊन बसला होता.

"काय झालं भावजी?"

बाबा खुर्चीत बसले. बूट काढले. मोजे काढले. आई पाण्याचा तांब्या हातात धरून उभीच होती.

"ऐकू आलं," ते म्हणाले.

आईने तांब्या खाली ठेवला. "म्हणजे फाईल?"

"उघडी आहे."

"काय ऐकू आलं?" मामाने विचारलं.

"एक मालवाहू जहाज. बरंच लांब होतं."

"कुठलं?"

"आवाजावरून देश कळत नाही, अण्णा."

"आणि आत माल काय आहे ते?"

"तेही नाही."

"बरं झालं," मामा म्हणाला. मद्रासचा माल अजून यायचा होता.

मी विचारलं, दोऱ्याचं कोणी काही विचारलं नाही का. मग त्यांनी सांगितलं, आणि कामाबद्दल ते सलग इतकं बोललेले मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. नौदलाच्या अधिकाऱ्याने दोरा चिमटीत धरून विचारलं होतं, हा कुठला? बाबा म्हणाले, चिकपेटचा. अधिकारी म्हणाला, स्वदेशी, उत्तम. बाबांना ते सहन झालं नाही. ते जेवणाच्या वेळी त्याला गाठून म्हणाले, सूत चीनचं आहे. अधिकाऱ्याने ताट पुढे ओढलं. मग त्याने विचारलं, गाठी कोणी मारल्या? आम्ही, बाबा म्हणाले. मग स्वदेशी, असं म्हणून त्याने भात कालवला.

"आणि तुम्ही गप्प बसलात?" मी म्हटलं.

"दोऱ्याकडून शिकलो," बाबा म्हणाले.

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक घडी काढून माझ्यापुढे धरली. खाऱ्या हवेने कडक झालेला, चुरगळलेला कागद. माझंच पत्रक होतं. मराठी प्रती पुष्कळ उरल्या होत्या आणि मामाच्या दुकानात पडून होत्या. लडी बांधताना मामाने त्यांतलाच एक कागद गुंडाळला होता. चिनी रेशमावर बहिष्कार घाला, असं ओरडणाऱ्या कागदात बसून चिनी रेशीम समुद्रावर गेलं होतं.

"अण्णा!" आई म्हणाली, आणि धाकट्या भावाला तिने अण्णा म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

"कागद जाड होता अक्का. वाया कशाला घालवायचा?"

मी बाबांना विचारलं, "तिथे कोणी वाचलं हे?"

"जहाजावर मराठी येणारा मी एकटाच होतो."

"मग तुम्ही वाचलंत?"

"दोनदा. दुसरं काही वाचायला नव्हतं."

"मग?"

त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली, मी हात पुढे केला होता तरी मला न देता परत खिशात ठेवली.

"पटलं," ते म्हणाले, आणि नाकाला लोणी लावायला आत गेले.